कडधान्याची साल घेते किती, देते किती

गेले काही महिने मोबाईलवर एक निरोप या हातातून त्या हातात फिरतो आहे. कडधान्यातला चोथा प्रथिने पचू देत नाही, मसूर-मटकी कितीही खाल्ली तरी अंगाला लागत नाही, तेव्हा पावडर घ्या, असा त्याचा मथितार्थ. खाली पावडरीच्या डब्याचे चित्र असते, त्यावरून पाठवणाऱ्याची कळकळ कशासाठी आहे ते कळतेच. पण आमच्या मलकापुरात, आमच्याच मोहल्ल्यातल्या दोन घरांवर त्याचा परिणाम झाला. एका घरात वाढत्या वयाच्या मुलीच्या ताटातली उसळ बंद झाली. दुसऱ्या घरात महिन्याच्या किराण्यातून पैसे काढून डबा आला, आणि त्या महिन्यात अंडी आली नाहीत. आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून दोन्ही घरांनी आम्हालाच विचारले की यात खरे किती.

थोडे खरे आहे. त्या थोड्याचा बाऊ केला आहे.

आपल्या भागात हा प्रश्न घरोघरचा आहे. कराडपासून सांगली-कोल्हापूरकडे महामार्गाने जाताना ढाब्यांच्या पाट्या वाचत गेले तर ‘अख्खा मसूर’ हे शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्या घरांत मसूर आहे, लग्नाच्या खान्यात दालचा आहे, मोहरममध्ये खिचडा आहे, रमजानच्या इफ्तारीला उकडलेले चणे आहेत. गोश्त रोज परवडत नाही. रोजची प्रथिने बहुतेक घरांत डाळीतूनच येतात. मसूर हे तर इतके जुने अन्न की सूरह बकरामध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या कौमने मागितलेल्या जिनसांत त्याचे नाव येते. तेव्हा डाळ अंगाला लागत नाही असे कोणी म्हटले, तर ते नीट तपासूनच घ्यायला हवे.

आधी दाण्याच्या आत काय असते ते पाहू. वर्गात आम्ही भिजवलेला हरभरा मुलांच्या हातात देतो आणि चिमटीत दाबायला सांगतो. साल सुटून येते आणि आतून दोन डाळिंब्या निघतात. मुलांना वाटते, साल म्हणजे चोथा आणि डाळिंबी म्हणजे प्रथिने, झाले वेगळे. तसे नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत 100 ग्रॅम अख्ख्या मसुरात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आणि सुमारे 17 ग्रॅम तंतुमय पदार्थ आहेत. साल काढलेल्या मसूर डाळीत प्रथिने सुमारे 24 ग्रॅम, पण तंतू तरीही सुमारे 10 ग्रॅम. हरभऱ्यात तर अख्ख्या दाण्यात सुमारे 25 ग्रॅम आणि डाळीत सुमारे 15 ग्रॅम. म्हणजे साल गेली तरी निम्म्याहून अधिक चोथा डाळीतच राहिला. तो कुठे लपला?

तो डाळिंबीच्या प्रत्येक पेशीभोवती आहे. डाळिंबी म्हणजे लाखो बारीक पिशव्यांची थप्पी समजा. प्रत्येक पिशवीत पिठूळ भाग आणि प्रथिनांचे कण ठासून भरलेले असतात, आणि पिशवीचे कापड म्हणजे पेशीभित्तिका. हे कापड आपल्या पाचक रसांना फाडता येत नाही, कारण तेच तंतुमय पदार्थाचे बनलेले आहे. डाळ शिजते तेव्हा पिशव्या एकमेकींना चिकटवणारा डिंकासारखा भाग विरघळतो आणि पिशव्या सुट्या होतात. म्हणून डाळ मऊ लागते. पण सुटी झालेली पिशवी फाटलेली असतेच असे नाही. जी अख्खी राहिली तिच्या आतल्या प्रथिनांपर्यंत पाचक रस पोहोचतात, पण हळू आणि अर्धवट.

चोथ्याचा दुसरा परिणाम असा की त्यातला पाण्यात विरघळणारा भाग आतड्यात अन्नाला दाटपणा आणतो, त्यामुळे पाचक रस मिसळायला वेळ लागतो. तिसरी गोष्ट सालीतल्या तुरटपणाची. गडद सालीच्या कडधान्यांत टॅनिन असते, चहात असते त्याच जातीचे, आणि ते प्रथिनांना चिकटून बसते. शिवाय कच्च्या कडधान्यात प्रथिने पचवणाऱ्या रसालाच अडवणारे घटक असतात. हे शेवटचे घटक चांगल्या शिजवण्याने बहुतांशी निकामी होतात, त्यांची काळजी प्रेशर कुकरवर सोडावी.

मग नुकसान किती होते? याचे एक चांगले मोजमाप आपल्याच देशात झाले आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी मूग वाढवतानाच त्याला जड हायड्रोजन असलेले पाणी दिले, म्हणजे त्या मुगातल्या प्रथिनांवर एक न पुसणारी खूण बसली. तो मूग शिजवून भारतीय प्रौढांना खायला दिला आणि खूण असलेली किती अमिनो आम्ले रक्तात उतरली ते पाहिले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सालीसकट मुगाची पचनक्षमता सुमारे 63 टक्के आली. साल काढल्यावर ती सुमारे 71 टक्के झाली. याच पद्धतीने तपासलेली अंडी आणि कोंबडीचे मांस 90 टक्क्यांच्या आसपास होते. तेव्हा डाळीची प्रथिने अंड्यापेक्षा कमी पचतात आणि सालीमुळे आणखी थोडी कमी पचतात, इथवर तो निरोप खोटा नाही.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. एका माणसाच्या वाटीत साधारण 30 ग्रॅम कोरडे मूग शिजवलेले असतात. त्यात सुमारे 7 ग्रॅम प्रथिने. सालीसकट खाल्ले तर त्यातली साधारण साडेचार ग्रॅम मिळाली, साल काढून खाल्ले तर पाच. फरक अर्ध्या ग्रॅमचा. पोषणशास्त्राच्या आजच्या हिशेबाने निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 55 किलो वजनाच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमसाठी उसळ बंद करणे म्हणजे मापी चुकली म्हणून दुकानच बंद करण्यासारखे आहे. पळीभर डाळ जास्त वाढली की तो अर्धा ग्रॅम भरून निघतो.

जे पचले नाही ते वाया गेले का, हाही प्रश्न आहे. लहान आतड्यातून निसटलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो. तिथे अल्लाहने ठेवलेली असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती आहे. चोथा हे त्यांचे अन्न. ते त्याला आंबवतात आणि त्यातून काही आम्ले तयार होतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. हे जंतू वाढताना नत्र स्वतःच्या अंगात साठवतात आणि शेवटी मलावाटे बाहेर पडतात. जुन्या काळी संशोधक मलातला नत्र मोजून न पचलेली प्रथिने ठरवत. पण चोथा जास्त खाणाऱ्याच्या मलात जंतूंचे अंगही जास्त असते, म्हणून कडधान्याचे नुकसान त्या मोजणीत असायचे त्यापेक्षा मोठे दिसू शकते. बंगळुरूच्या मंडळींनी मलाऐवजी रक्त तपासले ते यासाठीच.

पेशीच्या ज्या पिशवीमुळे प्रथिने अडकतात, तिच्यामुळेच पिठूळ भागही हळू पचतो. भाताने रक्तातली साखर जशी झपाट्याने चढते तशी मसुराने चढत नाही. ज्यांच्या घरात अब्बांना मधुमेह आहे, त्यांच्या ताटात अख्खा मसूर, मटकी, हुलगा यांनी राहायलाच हवे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने रोज निदान 25 ग्रॅम तंतुमय पदार्थ खावेत असे सांगते. पाव, बिस्किट आणि पांढऱ्या भातावर दिवस काढणाऱ्याच्या पोटात तेवढे जात नाहीत. सहेरीला वाटीभर उसळ खाल्लेला माणूस नुसता चहा-पाव खाल्लेल्यापेक्षा दुपारपर्यंत तग धरतो, तेही यामुळेच. फक्त पाणी भरपूर प्यावे, नाहीतर तोच चोथा पोट बांधतो.

स्वयंपाकघरात मात्र आपल्या हातात पुष्कळ काही आहे, आणि आपल्या दादी-नानींना ते शास्त्र न वाचता ठाऊक होते. पिशवी फाडायची तर घोटायचे किंवा दळायचे. मोहरमचा खिचडा घ्या. गहू, तीन-चार डाळी आणि गोश्त तासन्तास शिजते, आणि मग दोघे-तिघे लाकडी घोटण्या घेऊन देग घोटत बसतात. हात भरून येतात, तरी मोठी माणसे म्हणतात, अजून तार धरली नाही. त्या घोटण्यात शिजून सैल झालेल्या पेशी फुटतात आणि आतले बाहेर येते. शिवाय गव्हात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते ते डाळ पुरवते, डाळीत मिथिओनिन कमी असते ते गव्हातून मिळते, आणि गोश्तात दोन्ही असतात. आमच्या मते आजारातून उठलेल्या माणसाला देण्याजोगे याहून चांगले अन्न आपल्या दस्तरखानावर नाही. तेल आणि तळलेला कांदा तेवढा हात राखून घालावा.

खिचडा रोज होत नाही, पण पिठले होते. कच्ची डाळ जात्यात किंवा गिरणीत दळली की शिजण्याआधीच पेशी फुटतात. म्हणून बेसनाचे पिठले किंवा हुलग्याचे पिठले दात नसलेल्या दादीला अख्ख्या उसळीपेक्षा जास्त लागू पडते. चावणे हेसुद्धा पिशवी फाडणेच आहे, हे लक्षात घ्या. ज्यांना चावता येत नाही आणि जी मुले घाईने गिळतात, त्यांच्यासाठी ते काम आपण रवीने, वरवंट्याने किंवा मिक्सरने करून द्यायचे. दालच्यातली हरभऱ्याची डाळही अर्धी अख्खी न ठेवता पुरती घोटून घ्यावी.

दालच्यावरून आठवले. चिंच आधी घातली तर डाळ शिजत नाही, हे आपल्या घरातल्या मुलीलाही माहीत असते. कारण असे की आंबटपणामुळे पेशींना जोडणारा तो डिंक विरघळत नाही. टोमॅटो, कोकम, आमसूल, सगळ्यांचे तेच. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात डाळ दडदडीत राहते, कारण पाण्यातले कॅल्शियम त्या डिंकाला आणखी घट्ट करते. मलकापूरचे नाव चोवीस तास नळाच्या पाण्यासाठी सगळीकडे झाले, पण वाड्या-वस्त्यांवर अजून बोअरचेच पाणी आहे, तिथल्या बहिणींनी डाळीपुरते तरी गोडे पाणी आणावे. चिमूटभर सोडा टाकला की डाळ लवकर शिजते हे खरे, पण त्याने ‘ब’ गटातले एक जीवनसत्त्व नाश पावते. आम्ही सोडा टाळतो. रात्रभर भिजवावे आणि ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे पोटात वायू धरणाऱ्या शर्करेचा काही भाग आणि थोडे टॅनिनही जाते. मोड आणले तर आणखी बरे. मोड आल्यावर साल जात नाही, पण दाण्यातली लोह-जस्त अडवणारी फायटिक आम्ले कमी होतात. लहान मुलांना मोड कच्चे देऊ नयेत, वाफवून द्यावेत.

कोरेगावचा वाघ्या घेवडा आपल्या सातारा जिल्ह्याचे भूषण, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्याच्याबाबत एक सावधगिरी हवी. घेवडा-राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी घटक असतो. भिजवून, पाणी बदलून, खळखळत्या उकळीवर किमान दहा मिनिटे ठेवल्यावर तो जातो, आणि कुकरमध्ये तर जातोच. मंद आचेवर नुसता कोमट होत राहिलेला, आत टणक राहिलेला घेवडा खाऊन उलट्या होतात.

आता मूळ प्रश्न, कोणाच्या ताटात काय. सर्वांत नाजूक जागा बाळाची. सहा महिने पूर्ण झाले की अम्मी-नानी वरणावरचे पाणी चमच्याने पाजतात, आणि बाळाने डाळ खाल्ली असे समजतात. डाळीची प्रथिने बहुतेक तळाशी बसलेल्या दाट भागात असतात, वरच्या पाण्यात जवळजवळ काही नसते. बाळाचे पोट मूठभर. ते पाण्याने भरले तर मग भूक उरत नाही. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही अशी घट्ट, घोटलेली, साल काढलेल्या मुगाची खिचडी, वर थोडे तूप किंवा तेल, आणि सोबत आईचे दूध चालूच. इथे चोथ्याचा विचार खरोखर करावा, कारण चोथा जागा अडवतो आणि बाळाकडे जागाच थोडी असते. त्या निरोपाचे खरे गिऱ्हाईक असेल तर सहा महिने ते दोन वर्षांचे मूल, आणि त्याला पावडर नको, घट्ट डाळ हवी.

शाळेतल्या मुलांचे वेगळे. पोषण आहाराच्या सरकारी निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आहे, त्यातून 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम कडधान्य आणि 20 ग्रॅम प्रथिने. तांदळातून सात-आठ ग्रॅम येतात, मटकीतून चार-साडेचार. मटकी ताटाच्या कडेला सारून भात तेवढा खाणारे मूल म्हणजे प्रथिनांचा तिसरा हिस्सा सांडणारे मूल. आमच्या वर्गात अशी दोन-तीन असतातच. त्यांना सालीचे नुकसान सांगून काय उपयोग, त्यांनी तो दाणा तोंडात घातलेलाच नसतो. अशा मुलांच्या घरी आम्ही सांगतो, मटकी थोडी ठेचून भातात कालवा, किंवा तिचे वडे करा. मूल दोन-तीन आठवड्यांत ओळखीचे होते.

आणि शेवटी जेवणारी. आपल्या घरांत अजूनही पुष्कळ ठिकाणी पुरुष जेवतात, मुले जेवतात, मग भाभी-बहुंची ताटे मांडली जातात. तोवर पातेल्यात डाळीचा दाट भाग संपलेला असतो आणि पिवळे पाणी उरलेले असते. त्याच पाण्यात भाकरी चुरून ती जेवते, आणि वरून लगेच चहा घेते, म्हणजे डाळीतले थोडेफार लोह मिळणार तेही चहातले टॅनिन अडवते. गरोदर असली तरी हेच. चोथ्याने अर्धा ग्रॅम पळवला म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांना या पातेल्यातले पाच-सहा ग्रॅम दिसत नाहीत. आम्ही एका घरात सांगून पाहिले, डाळ घोटून एकजीव करा, म्हणजे दाट-पातळ असे राहणार नाही, आणि वाढण्याआधी तिची वाटी भरून झाकून ठेवा. सासूबाईंना आधी रुचले नाही. मग त्यांनीच रवी हातात घेतली.

ज्या मुलीची उसळ बंद झाली होती तिच्या अम्मीला आम्ही एवढेच म्हटले की उसळ पुन्हा सुरू करा, सोबत ज्वारीची भाकरी किंवा भात ठेवा, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा अंडे द्या. अंड्यातली प्रथिने जास्त पचतात हे खरेच आहे, आणि एक अंडे म्हणजे सहा-सात ग्रॅम. डब्याच्या पैशांत किती अंडी येतात हा हिशेब त्या मुलीने स्वतः वहीत मांडला. तो आम्ही इथे देत नाही, भाव दर महिन्याला बदलतात.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र या लेखावरून डाळ वाढवू नये की कमी करू नये. त्यांच्या प्रथिनांचे माप त्यांचे डॉक्टरच ठरवतील. आणि ज्यांना बरेच दिवस कडधान्याची सवय नाही त्यांनी एकदम मोठी वाटी घेऊ नये. सुरुवात साल काढलेल्या मुगापासून करावी, दोन आठवड्यांनी अख्ख्या मसुरावर यावे, हुलगा आणि चवळी त्यानंतर. आतड्यातल्या त्या वस्तीलाही नव्या खाण्याची ओळख व्हायला वेळ लागतो, तोवर पोट थोडे गुडगुडते.